‘नाही’ म्हणण्याची मोकळीक

पुण्याच्या एका नामांकित वकिलाची मुलगी. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेली, पुस्तकांच्या आणि चर्चांच्या घरात वाढलेली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती डहाणू–तलासरीच्या जंगलपट्टीत पायी फिरू लागते. तिथली माणसे शहरी माणूस दिसला की झाडाआड होतात. आणि मग काही महिन्यांतच तिच्या एका निरोपावर हजारो वारली घराबाहेर पडू लागतात. गोदावरी परुळेकर, म्हणजेच गोदूताई यांच्या आयुष्यातल्या या एका वर्षाचे, 1945 चे, मला नेहमी नवल वाटत आले आहे. शब्दाला एवढे वजन कुठून येते? गोड बोलण्याने येते म्हणावे, तर त्या पट्टीत गोड बोलून अंगठा घेणारे थोडे नव्हते.

आधीच सांगते, मी गोदूताईंच्या पक्षाची कधी नव्हते आणि त्यांना प्रत्यक्ष भेटण्याचा योगही आला नाही. माझा संबंध त्या भूमीशी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बँकेतल्या नोकरीमुळे काही वर्षे डहाणू तालुक्यात काढली. तेव्हा लोकल विरारच्या पुढे जात नसे. पुढचा प्रवास शटलने. पुढे कादंबऱ्या लिहू लागले तेव्हा माणसे काय बोलतात यापेक्षा काय बोलत नाहीत याकडे लक्ष जाऊ लागले. त्या नजरेने गोदूताईंचे चरित्र वाचले, तेव्हा त्यात लढ्याबरोबरच आणखी एक गोष्ट दिसली. ती आपल्या सर्वांच्या, कचेरीतल्या आणि घरातल्या कामाची आहे.

गोदावरी गोखले यांचा जन्म 14 ऑगस्ट 1907 चा, पुण्याचा. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात, पुढे कायद्याची पदवी. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणेसुद्धा कौतुकाचे होते, त्या काळात वकिलीची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. घरच्या नेमस्त वातावरणाला तो मानवणारा नव्हता. त्या मुंबईला आल्या आणि भारत सेवक समाजाच्या कामात शिरल्या. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या या संस्थेच्या पहिल्या महिला आजीव सदस्य त्या झाल्या. 1937–38 च्या सुमारास प्रौढ साक्षरतेची मोहीम आणि त्यानंतर मुंबईतल्या घरकाम करणाऱ्यांची संघटना, ही त्यांची तेव्हाची कामे. दुसऱ्याच्या घरात भांडी घासणाऱ्या माणसाला आपल्या पगाराविषयी मालकाशी बोलता येत नाही, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. 1939 साली त्यांनी शामराव परुळेकरांशी विवाह केला. दोघांनीही भारत सेवक समाज सोडला आणि ते कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचारासाठी दोघांना तुरुंगवास घडला. इथवरची वाट त्या पिढीतल्या अनेकांची होती. वेगळी वाट फुटली ती पुढे.

आजचा पालघर जिल्हा 2014 साली झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आणि 1945 मध्ये तलासरीचा भाग उंबरगाव तालुक्यात मोडत असे. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. पश्चिमेला समुद्र, चिकूच्या वाड्या आणि रेल्वेचा रूळ. पूर्वेला टेकड्या, साग आणि पाडे. पाड्यांवर राहणारे वारली एके काळी या जमिनीचे धनी होते. शेतसाऱ्याची रोख रक्कम, सावकाराचे कर्ज आणि कागदावरचा अंगठा या तीन पायऱ्यांनी ते आपल्याच जमिनीवर कुळे झाले. जमीनदाराने बोलावले की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायचे, याला वेठ म्हणत. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी उचलायची आणि पिकाच्या वेळी ती वाढवून परत करायची. त्याहून भयंकर प्रकार लग्नगडीचा. लग्नासाठी थोडी रक्कम उचललेला तरुण ते कर्ज फेडण्यासाठी जमीनदाराकडे बांधला जाई आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. कर्ज फिटत नसे. कारण ते किती होते आणि किती फिटले, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीविषयी अहवाल लिहिला. त्यात वेठ आणि सावकारी यांचे वर्णन आडपडदा न ठेवता केलेले आहे. अहवाल प्रामाणिक होता. पण तो सरकारला उद्देशून होता. ज्यांच्याविषयी होता त्यांना त्यातले अक्षर वाचता येत नव्हते. फायलीवर फायली चढत गेल्या आणि वेठ चालू राहिली.

इथे मला बँकेतला एक अनुभव सांगितला पाहिजे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली त्या काळात बैल, शेळ्या यांसाठी कर्जे दिली जात. पाड्यावरचा माणूस समोर बसे. कर्जाची रक्कम सांगितली, तो हो म्हणे. हप्ता सांगितला, हो. व्याज सांगितले, तरी हो. आमच्या शाखेत जवळच्याच पाड्यावरचा एक शिपाई होता. या होकाराला तो होकार मानत नसे. तो त्या माणसाला बाहेर बाकावर बसवी, आपल्या बोलीत सगळे समजावी, आणि मग उलट त्यालाच सांगायला लावी: काय घेतोस, किती फेडायचे, बैल मेला तर काय करायचे. माणसाला ते सांगता आले तरच अंगठ्याची शाई बाहेर निघे. नाही तर पुढच्या बाजाराच्या दिवशी ये. साहेबांची घाई, उद्दिष्टाचा आकडा, मार्चअखेर, कशाचीही तो पर्वा करीत नसे. त्याच्यामुळे मला कळले की भ्यालेल्या माणसाचा होकार म्हणजे नुसता आवाज असतो, त्यात अर्थ नसतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला किंमत नाही.

गोदूताईंचे काम नेमके इथून सुरू होते. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगावच्या बाजूचे काही वारली तिथे गेले. माह्या धांगडा हा त्यांतला एक. आमच्याकडे या, आमचे बघा, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाला मान देऊन परुळेकर दांपत्य या पट्टीत आले. म्हणजे गोदूताई कुणाचे भले करायला आपणहून आल्या नव्हत्या. त्यांना बोलावणे होते. हा फरक लहान वाटतो, पण न मागता सल्ला देणाऱ्या नातेवाइकाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना तो लहान वाटणार नाही.

आल्यावर त्यांनी भाषणांचा सपाटा लावला असता तर लोकांनी हो म्हटले असते, आणि रात्री तेच जमीनदाराच्या माणसालाही हो म्हटले असते. गोदूताई पाड्यांवर राहिल्या. त्यांच्या झोपडीत झोपल्या, चुलीवर असेल ते खाल्ले, मैलोगणती पायी चालल्या. वारल्यांची बोली कानावर पडू दिली. त्या बोलीत साहेबाला आणि शेजाऱ्याला एकच संबोधन असते: तू. शहरातून आलेल्या कित्येक अधिकाऱ्यांना हा अपमान वाटतो. बँकेत मी तो प्रसंग अनेकदा पाहिला आहे. खरे तर तो त्या माणसाच्या भाषेचा सरळपणा. तो ज्याला टोचत नाही, त्याच्याशीच वारली मनातले बोलतो.

ऐकणे हे काम आहे, हे आपण विसरतो. ऐकणारा स्वस्थ बसलेला दिसतो म्हणून ते काम वाटत नाही. वेठीचा आणि लग्नगडीचा प्रत्येक पाड्यावरचा अनुभव ऐकताना गोदूताईंच्या लक्षात आले असले पाहिजे की या माणसांना आपले दुःख कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की शेजारच्या पाड्यावरचा माणूसही तेच सोसतो आहे आणि आपल्यासारखाच गप्प आहे.

23 मे 1945 रोजी झरी या गावी सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. रेडिओ नव्हता, टपालाचा उपयोग नव्हता, वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळा निरोप तोंडी, पाड्यावरून पाड्यावर. त्या सभेत जे ठरले ते चार बोटांवर मावेल असे होते. वेठ करायची नाही. रोजची रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर जायचे नाही. अंगावर हात टाकला तर मुकाट सोसायचे नाही. आणि सर्वांनी एक राहायचे. बस्स.

मी आयुष्यभर परिपत्रके वाचली आणि लिहिली आहेत. म्हणून सांगते, या चार ठरावांकडे नीट पाहावे. त्यात स्वर्गाचे आश्वासन नाही. जमीन उद्या परत मिळेल असे नाही, सरकार मदतीला येईल असेही नाही. जे आहे ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या हातातले. उद्या सकाळी जमीनदाराचा माणूस दारात आला की त्याला काय उत्तर द्यायचे, इतकेच. वक्त्याला पाळता येणार नाही असा एकही शब्द त्यात नव्हता, आणि श्रोत्याला समजणार नाही असाही नव्हता. प्रामाणिक बोलणे याहून वेगळे काय असते? हे ठराव पाड्यापाड्यांवर पोचले ते तोंडी. आणि इतक्या तोंडांतून गेले तरी बिघडले नाहीत, कारण बिघडण्याजोगे त्यांत काही नव्हते.

पुढच्या महिन्यांत वेठ थांबू लागली. लग्नगड्यांना सोडवण्यासाठी वारल्यांचे जथे जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि वर्षानुवर्षे बांधलेली जोडपी मोकळी झाली. जमीनदारांना यात अराजक दिसले आणि सरकारदरबारी तशा तक्रारी गेल्या. त्यांची बाजूही नोंदवली पाहिजे: पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ते रीत समजत होते, तिच्यात अन्याय आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, कारण ज्यांनी सांगायचे ते नेहमी हो म्हणत आले होते. दुसऱ्याला नाही म्हणू न देणारा माणूस स्वतःच्या घरातले सत्यही गमावून बसतो.

पावसाळा सरला आणि गवताची कापणी आली. ठाण्याच्या रानातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे. मोठा व्यापार होता. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये द्या, ही मागणी वारल्यांनी धरली आणि कोयते खाली ठेवले. याच दिवसांत ती घटना घडली, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

10 ऑक्टोबर 1945. पाड्यांवर निरोप फिरला की तलवाडा इथे सभा आहे, गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. निरोप खोटा होता. गोदूताईंनी कोणतीही सभा बोलावलेली नव्हती. जमीनदारांच्या गोटातून ही अफवा सोडली गेली, आणि त्याच वेळी आदिवासी शस्त्रे घेऊन हल्ल्यासाठी जमत आहेत अशी वर्दी सरकारकडे गेली, असे या लढ्याचा इतिहास सांगतो. हजारो वारली अंधारात तलवाड्याला जमले. पोलिस आले. गोळीबार झाला. माणसे हटेनात, कारण आपण गोदूताईंच्या रक्षणासाठी आलो आहोत अशीच त्यांची समजूत होती. दुसऱ्या दिवशीपर्यंत गोळीबार होत राहिला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे, असे पाच जण मारले गेले; कितीतरी जखमी झाले.

या घटनेकडे आपण जुलमाची कहाणी म्हणून पाहतो, आणि ती आहेच. पण शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर अंगावर काटा येतो. काही महिन्यांपूर्वी ज्या माणसांना कुणाच्याच शब्दावर भरवसा नव्हता, त्यांचा एका स्त्रीच्या शब्दावर इतका भरवसा बसला की तो शब्द चोरता येऊ लागला. खोटे नाणे पाडायचे तर आधी खरे नाणे बाजारात चालावे लागते. गोदूताईंचा शब्द खरा नसता, तर त्यांच्या नावाने अफवा पसरवून काही साधलेच नसते.

आणि म्हणूनच विश्वासाबरोबर जबाबदारीही वाढते. लोक आपले ऐकतात, एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने तलवाडा आठवावा. बोलणाऱ्याची खरी कसोटी पुढची असते: माझ्या नावाने आलेला निरोप खरा की खोटा, हे विचारण्याइतकी मोकळीक मी माझ्या माणसांना दिली आहे का? जमीनदाराला नाही म्हणायला शिकलेल्या माणसाला आपल्या माणसाच्या निरोपापाशीही क्षणभर थांबता यावे लागते. हे शिकवायला पिढी जाते. आजच्या काळात, जेव्हा आपल्या ओळखीच्या नावाने, ओळखीच्या आवाजानेसुद्धा खोटा निरोप फोनवर येतो आणि माणसे खाते रिकामे करून बसतात, तेव्हा हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीचा उरत नाही.

दडपशाहीने संप मोडला नाही. पण पुढचा काळ सोपा नव्हता. हद्दपारी, भूमिगत जीवन, पुन्हा तुरुंग. 1957 साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. 1965 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले. गोदूताईही तेव्हा बंदिवासातच होत्या. सव्वीस वर्षांची सोबत अशी संपली.

त्यानंतर त्यांनी 1945 च्या त्या दिवसांची हकिगत लिहिली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली आले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखिका म्हणून मला त्याचे वैशिष्ट्य वाटते ते असे की, नेत्याने लिहिलेल्या लढ्याच्या पुस्तकात नेता मध्यभागी असतो. इथे मध्यभागी वारली आहेत. शीर्षकातसुद्धा जागा होतो तो माणूस; त्याला कुणी जागे केले याचा उल्लेख नाही.

1986 साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. पण मला त्यांच्या यशाची खूण दुसरीकडे दिसते. याच आदिवासी मुलखातले लहानू कोम 1977 साली डहाणूतून लोकसभेवर गेले. ज्यांच्या वतीने बोलावे लागत होते ते स्वतः बोलू लागले. तलासरीत आज गोदूताई आणि शामरावांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि त्यात पाड्यांवरची मुलेमुली शिकतात. 8 ऑक्टोबर 1996 रोजी, तलवाड्याच्या गोळीबाराच्या स्मृतिदिनाला दोनच दिवस उरले असताना, गोदूताई गेल्या.

योगायोग असा की 1945 सालीच याच तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. विचारांची वाट गोदूताईंहून अगदी निराळी. ना लाल बावटा, ना संप. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे त्यांनी पाहिले. मुलांना दोष देत न बसता त्यांनी शाळाच रानात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलांचे न येणे हेसुद्धा एक बोलणे आहे, एक नाही आहे, आणि त्यावर रागवायचे नसते, ते ऐकायचे असते, हे या दोघींना कळले होते. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, दोन टोकांच्या विचारांच्या स्त्रिया एकाच जागी पोचल्या, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आपल्यापैकी फार थोड्यांना लढे उभारायचे असतात. पण आपणा सर्वांच्या हाताखाली, समोर किंवा घरात कुणीतरी असे असते, ज्याला आपल्याला नाही म्हणता येत नाही. बैठकीत मान हलवणारा नवा कारकून. डॉक्टरांच्या संमतिपत्रावर न वाचता सही करणारे म्हातारे वडील. पगार वाढवून मागायचा असून गप्प राहणारी घरकामाची बाई. कुठल्या शाखेला जायचे ते तुम्हीच ठरवा म्हणणारी दहावीतली मुलगी. तिच्या हो ने आपण सुखावतो. आपले ऐकतात म्हणतो.

त्या होकारावर लगेच शिक्का मारू नये. बाहेरच्या बाकावर थोडे बसावे, त्या माणसाच्या भाषेत पुन्हा सांगावे आणि त्यालाच सांगायला लावावे. आपल्याला पाळता येणार नाही ते वचन देऊ नये, आणि वाईट बातमी असेल तर तीही आपल्याच तोंडाने द्यावी. एवढे केल्यावर कदाचित तो माणूस नाही म्हणेल. म्हणू द्यावे. आपल्यातले खरे बोलणे त्या क्षणापासून सुरू झालेले असेल.